तीन दिवसांचं सुतक

"काय म्हणते रे शशी आज?" गच्चीत मटार सोलत बसलेल्या आत्याने जिन्याकडे तोंड करून विचारलं.

"दोन लिटरच्या वर!" खालून न्हाणीघरातून दादांचा आवाज आला. "थंडी मानवलीय बाईंना."

"मानवणारच. नाशिकची आहे."

"नाशिकची असून इतकी गप्प कशी राहते, हेच मला नवल वाटतं. तिच्या मूळ मालकिणीचं तोंड तर बंद होत नाही."

शशी हे दर हिवाळ्यात नाशिकहून राहायला येणाऱ्या आत्याचंच नाव, शशिकला. पण या घरात चार वर्षांपासून आणखी एक शशी नांदत होती, ती दादांच्या ओटीपोटात, उजव्या अंगाला. दादांच्या, म्हणजे रघुनाथ सबनीसांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यांच्या या एका वर्षाने मोठ्या असलेल्या बहिणीने आपली एक दिली. ती बसवून शुद्धीवर आल्या दिवसापासून दादा तिला शशीच म्हणायला लागले. रोज सकाळी मापाच्या भांड्यात लघवी मोजायची आणि घराला आकडा ऐकवायचा हा त्यांचा नेम होता. आकडा घसरला की 'शशी रुसली', वाढला की 'शशी खूश'. इस्पितळातले डॉक्टरसुद्धा तपासायला आले की आधी विचारायचे, "शशीजी कैसी हैं?"

मोजून झालं की ते भांडं दादांची मुलगी मीनाक्षी धूत असे. उकळत्या पाण्याने, डेटॉल घालून. मग ते गच्चीच्या कठड्यावर उन्हात पालथं घालायचं. त्या रविवारी तिने ते पालथं घातलं, हात पुसले आणि आत्याच्या पुढ्यातली मटारची परात पाहून म्हणाली, "आत्या, दादांचे वेगळे ठेव. त्यांचे मी उकळून घेणार आहे."

"ठेवलेत गं बाई. चार वर्षं हेच ऐकतेय. माझी वस्तू आहे ती, तिची काळजी मला नाही होय?"

मीनाक्षीने दादांच्या वाटणीचे मटार वेगळ्या पातेल्यात ओतले. आत्याच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि तेच तिला टोचायचं.

आठवडाभर चंदिगडवर धुकं बसून होतं, ते त्या दिवशी उठलं होतं. दादा माकडटोपी आणि मफलर अशा थाटात एकेक पायरी घेत वर आले आणि खुर्चीत बसले. गोळ्यांनी त्यांचा चेहरा गोल झाला होता. आत्या म्हणायची, पुरणपोळीला नाक काढलंय. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बीजी मोहरीच्या पाल्याचा साग घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. दादांना संसर्ग नको म्हणून मीनाक्षीने घातलेला दंडक त्यांना पाठ होता. तोंडावर दुपट्टा धरूनच त्या म्हणाल्या, "वीरजी, आज तो रंग निकल आया है आपका!"

"सब बहन की मेहरबानी," दादा म्हणाले आणि पोटावर हात ठेवून आत्याकडे पाहून हसले.

"भैण हो तो ऐसी," बीजींनी मान डोलावली. मग सागाचं पातेलं मीनाक्षीच्या हातात देता देता, तिच्याबद्दल खरंच कळवळा येऊन, त्या हळूच म्हणाल्या, "तेरी मैच नहीं हुई ना, पुत्तर. कोई गल्ल नहीं. रब दी मर्जी."

"जी," मीनाक्षी म्हणाली.

जेवणं झाली. दादांनी गाजराचा हलवा दोनदा मागून घेतला. पेपर दुपारी वाचायचा असा घरचा नियम होता, कारण पहिल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावी अतिरेक्यांनी मारलेल्यांचे आकडे असत आणि सकाळी सकाळी ते नको, असं दादाच म्हणत. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडलाच नाही. उन्हात तोंडावर रुमाल टाकून झोपले. ऊन उतरायला लागलं तशी मीनाक्षी त्यांना उठवायला गेली. "जरा कणकण वाटतेय गं," ते म्हणाले. "फार वेळ बसलो वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळ. त्या आठवड्याच्या अखेरीला दादा गेले.

छातीत संसर्ग झाला होता. तो कुठून आला ते कोणाला सांगता आलं नाही. अशा रोग्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मारूनच ठेवलेली असते, डॉक्टर म्हणाले, तेव्हा एवढंसं निमित्तही पुरतं. आणि मग आत्याकडे वळून, तिचं सांत्वन करायचं म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "माताजी, आपकी किडनी आखिर तक चलती रही. उसने साथ नहीं छोड़ा."

आत्या भिंतीला टेकून रडायला लागली. मीनाक्षी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आत्याचं शेवटपर्यंत चाललं, हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. किडनीने साथ सोडली नाही. मग सोडली कोणी? उकळलेलं पाणी, धुतलेले हात, जिन्यात अडवलेली माणसं, तोंडाला बांधलेले फडके, हे सगळं जिच्याकडे होतं तिनेच की नाही? कोणी तसं म्हणालं नाही, म्हणणारही नव्हतं.

*

मीनाक्षीचा नवरा अविनाश एअर फोर्समध्ये होता. त्याची बदली अंबाल्याला झाली तेव्हा मीनाक्षी दादांसाठी मागे राहिली. सेक्टर एकोणचाळीसमधल्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तिची नोकरी होती, ती एक सबब झाली. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. दादा निवृत्त होऊन नाशिकला परत जायचे होते, पण किडनी बसवलेल्या माणसाने इस्पितळाच्या पंचक्रोशीतून हलू नये असा सल्ला होता. ओळखीची मराठी घरं एकेक करून बदल्या मागून घेत होती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडत नसे, नाक्यानाक्यावर पोत्यांच्या भिंतीआडून बंदुकांच्या नळ्या दिसत. दादा म्हणायचे, "लोक पंजाब सोडतायत आणि आपण एका शशीपायी मुक्काम ठोकलाय."

अग्नी अविनाशने दिला. मुलगा नाही, आत्याच्या मुलाला नाशिकहून निघून पोचायला दोन दिवस लागले असते, तेव्हा जावईच पुढे झाला. क्रियाकर्माला कोण, हा प्रश्न होता. इथल्या पंडितांना आपल्याकडची पद्धत ठाऊक नसते. छावणीतल्या मराठा पलटणीचे धर्मगुरू सुभेदार गजाननराव यांना निरोप गेला आणि ते तासाभरात आले. हिरवा फौजी स्वेटर, त्याच्याखाली धोतर, खांद्याला लावलेल्या थैलीत दर्भ आणि तीळ. बोलणंही हुकूम दिल्यासारखं.

स्मशानातून परत आल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत उभ्यानेच सगळं नेमून दिलं. "जावईबापू कर्ते, म्हणजे त्यांना दहा दिवस. अकरावा, बारावा इथेच करू. ताई, तुमचं लग्न झालेलं, गोत्र बदललेलं. तुम्हाला वडिलांचं तीन दिवस. चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळ्या."

"मोकळ्या?" मीनाक्षीने विचारलं.

"मोकळ्या. मग स्वयंपाकपाणी, देवाचा दिवा, सगळं करता येतं."

"आणि मला?" आत्या म्हणाली.

"लग्न झालेल्या बहिणीला भावाचं दीड दिवस, मावशी. एकाच घरात राहिलात, तर फार तर तीन."

"मी दहा धरणार."

गजाननरावांनी थैलीचा बंद आवळता आवळता वर पाहिलं. "मावशी, शास्त्र असं आहे की…"

"गुरुजी, आज त्या लाकडांवर माझ्या शरीराचा तुकडा जळाला. माझ्या पाठीतून काढलेला. तुमच्या शास्त्रात त्याला किती दिवस?"

दारात बीजी उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं तरी त्यांनी डोळ्यांना दुपट्टा लावला. गजाननरावांनी बराच वेळ विचार केला. माणूस प्रामाणिक होता.

"शास्त्रात किडनी नाही, मावशी," शेवटी ते म्हणाले. "कमी धरू नये, एवढं आहे. जास्त धरलं तर कोणाची ना नाही."

मीनाक्षीने तोंड उघडलं होतं. जास्त धरायला ना नसेल तर मीही धरते, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात आत्या म्हणाली, "मिनू मोकळी होतेय हे एका परीने बरंच आहे. अविनाशही बसणार, मीही बसणार. घराकडे कोण बघणार मग? येणाऱ्याजाणाऱ्याला चहा तरी?"

"हो," मीनाक्षी म्हणाली.

एरवी आत्या सोवळ्याओवळ्याची नव्हे. अंडं घालून केक करणारी, उपासाच्या दिवशी बिनदिक्कत कांदा चिरणारी. पण त्या दिवसापासून तिने मागच्या खोलीत जमिनीवर घोंगडी घातली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. कोणी शिवायचं नाही. ताट दुरून सरकवायचं. पलीकडच्या खोलीत अविनाश तसाच बसला, बिचारा, दाढी वाढवून. त्याने रजा काढली होती. दादांशी त्याचं कधी फार बोलणं झालं नव्हतं. क्रिकेटपलीकडे विषय नसायचा. तरी त्याला दहा दिवस मिळाले.

चौथ्या दिवशी सकाळी मीनाक्षीने डोक्यावरून पाणी घेतलं, केस पुसले आणि गॅस पेटवला. दोन खोल्यांत दोन माणसं तिच्या बापासाठी बसली होती आणि ती त्यांच्यासाठी मुगाच्या डाळीला फोडणी देत होती. हिंग जरा जास्तच पडला.

*

मीनाक्षीला वाचनाचं वेड लहानपणापासून होतं. नोकरीही पुस्तकांत. हेव्याबद्दल तिने पुष्कळ वाचलेलं होतं. सवतीचा हेवा, धाकट्या भावाचा, मैत्रिणीच्या घराचा. पण साठीला टेकलेल्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या सख्ख्या आत्याचा हेवा करणारी बाई तिला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. म्हणून तिने त्याला पहिली काही वर्षं नावच दिलं नाही. थकवा म्हटलं. कधी पित्त म्हटलं.

नाव द्यायचं तर सुरुवात पंच्याऐंशी सालापासून करावी लागली असती. दादांची आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्तशुद्धी चालू होती. डॉक्टरांनी जवळच्या नातेवाइकांचं रक्त मागवलं. आई तर केव्हाच गेलेली. मीनाक्षीने रक्त दिलं आणि नाशिकहून आत्यानेही येऊन दिलं. आत्या परत गेल्यावर निकाल आला. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत दादा आणि मीनाक्षी दोघंच होती.

दोघींचीही चालेल, डॉक्टर म्हणाले. पण मुलगी तरुण आहे, तिची किडनी तरुण. मला विचाराल तर मुलीची घ्या.

"मी तयार आहे," मीनाक्षी म्हणाली. तिने अविनाशला आधीच विचारलं होतं. तोही हो म्हणाला होता.

दादा बाहेर येऊन इस्पितळाच्या बागेतल्या बाकावर बसले. तेव्हा ते इतके बारीक झाले होते की सदऱ्याच्या आत कोणी आहे की नाही कळू नये. म्हणाले, "मी शशीला विचारणार आहे."

"पण डॉक्टर माझी म्हणाले ना?"

"तुला अजून मूलबाळ व्हायचंय."

"एका किडनीवर होतं मूल. मी वाचलंय सगळं."

"तू सगळं वाचतेस." दादा हसले. "मिने, शशीकडे मला मागता येतं. लहानपणी तिच्या ताटातलं उचलून खाल्लंय मी, ती ओरडायची आणि द्यायची. तुझ्याकडे नाही मागता येत."

"मागू नका. मी देतेय."

"ते आणखी कठीण." आणि उठता उठता म्हणाले, "तिला हे सांगू नकोस. तुझी चालत होती हे तिला कळता कामा नये. मी सांगणार आहे, मुलीची जुळली नाही म्हणून. तिच्या मनात किंतू नको राहायला. सांगणार नाहीस ना?"

मीनाक्षीने मान हलवली. बापाने आयुष्यात तिच्याकडे मागितलेली ती एवढीच गोष्ट होती, तर ती तिने दिली.

दिवाळीच्या थोडं आधी ऑपरेशन झालं. भाऊबिजेला आत्याने इस्पितळाच्या खाटेवरूनच, नर्सकडून निरांजन धरवून दादांना ओवाळलं. दादा म्हणाले, "ओवाळणी काय घालू? माझ्याकडे आता स्वतःचं असं काही उरलं नाही." आत्या म्हणाली, "माझं माझ्यापाशी नीट सांभाळ, तीच ओवाळणी." सगळा वॉर्ड हसला. पंजाबी बायका डोळे पुसत होत्या. मीनाक्षी तोंडाला फडकं बांधून कोपऱ्यात उभी होती. फडकं आहे ते बरं, असं तिला वाटलं.

मग चार वर्षं. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी आत्याची चौकशी करायचा. महाराष्ट्र मंडळाने आत्याला साडी दिली, नारळ दिला. लोक मीनाक्षीच्या खांद्यावर थोपटायचे. 'बिचारीची जुळली नाही हो.' आत्या स्वतःच सगळ्यांना सांगायची, मायेने, पुतणीला कोणी बोल लावू नये म्हणून. "ती एका पायावर तयार होती. पण जुळायला नको? शेवटी देवाच्या मनात असावं लागतं." आणि दादा समोर बसलेले असायचे. चष्म्याची काच पुसत. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

ज्या मुलासाठी मीनाक्षीची किडनी राखून ठेवली होती ते मूल झालं नाही. त्याबद्दल दादाही बोलले नाहीत, तीही नाही.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात दादांची एक गोळी चंदिगडच्या सगळ्या दुकानांतून संपली. दिल्लीला मिळत होती. हमरस्त्यावर बस थांबवून माणसांना मारलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. मीनाक्षी पहाटेच्या बसने गेली. अर्धी बस रिकामी, आणि जी होती ती माणसं वाटेत कुठे गाडीचा वेग कमी झाला की बोलायची थांबत. एका ठिकाणी खरंच गाडी थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तिने पर्स पोटाशी धरली आणि मनात एकच आलं, की आता काही झालं तर निदान तेही दादांपायी झालं असं होईल. म्हशी रस्ता ओलांडत होत्या. ती रात्री गोळ्या घेऊन परत आली तेव्हा दादा दारातच उभे होते. तिचा हात धरून आत घेऊन गेले. मग पाण्याचा पेला घेतला, गोळी तोंडात टाकली आणि पोटावर थापटून म्हणाले, "घे गं शशी, तुझा खाऊ आला दिल्लीहून."

घर हसलं. अविनाशही हसला, तो तिला काळजीने अंबाल्याहून पाहायला आला होता. मीनाक्षी स्वयंपाकघरात गेली आणि सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता तरी आधी दादांचं दूध तापवलं.

*

नववा दिवस. दुपारी पुन्हा धुकं उतरलं. अविनाश पलीकडे झोपला होता. बीजी सकाळीच येऊन, मीठही न घातलेली खिचडी ठेवून गेल्या होत्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सुतकात असंच खातात. या घरी तसं पाळत नव्हते, पण सगळ्यांनी खाल्ली.

मीनाक्षी आत्याचं ताट उचलायला गेली. आत्या घोंगडीवर एका कुशीवर होती. एक हात पाठीमागे नेऊन कंबरेच्या वर काहीतरी चाचपत होती. हात पोचत नव्हता. शेजारी तेलाची वाटी.

"काय होतंय?"

"काही नाही. थंडीत ठणकतं ते. नाशिकला सून लावून देते तेल. तू जा."

"मी लावते."

"शिवू नकोस, मिनू. पुन्हा आंघोळ करावी लागेल तुला. एवढ्या थंडीत कशाला?"

मीनाक्षी घोंगडीवर बसली. वाटी उचलली. "वळ," ती म्हणाली.

"अगं, एक दिवस राहिला. उद्या…"

"वळ गं आत्या."

आत्याने पाठ केली आणि पोलकं वर सरकवलं. मीनाक्षीने तो व्रण कधी पाहिला नव्हता. ऑपरेशननंतर पट्टी बदलायला नर्स होती, मग आत्या नाशिकला गेली, आणि दर हिवाळ्यात आली तरी हिने पाहणं टाळलं होतं. बरगड्यांच्या खाली पाठीपासून सुरू होऊन तो पोटाच्या बाजूला वळत गेला होता, वीतभर लांब, आणि टाक्यांच्या दोन्ही अंगांनी बारीक ठिपके. एका जागी कातडी आत ओढली गेली होती. तिथली बरगडीही थोडी कापली होती, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. वाचलं होतं तिने सगळं. पण वाचलेल्यात ही आत ओढलेली जागा नव्हती.

तेल कोमट होतं. तिने बोट ठेवलं. आत्याने श्वास आत घेतला.

"दुखतंय?"

"नाही. गार आहे तुझा हात. लाव."

मीनाक्षी तेल लावत राहिली. इतका मोठा व्रण, आणि तरी तिला वाटलं काय, तर हा आपल्या पाठीवर हवा होता. बाईला ठणकतंय आणि आपण तिच्या जखमेचा हेवा करतोय. याची तिला लाजही वाटली, पण लाज वाटल्याने हेवा गेला नाही.

"खरं सांगू?" आत्या भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "रघूचा फोन आला ना तेव्हा, मुलीची जुळत नाही म्हणाला. मी म्हटलं, देवा, आता सुटका नाही. भ्याले मी. दोन रात्री झोपले नाही. मुलगा नको म्हणत होता. तेव्हा मनात आलं की मिनूची जुळली असती तर बरं झालं असतं. मग स्वतःचीच शरम वाटली. तुझ्याएवढ्या पोरीला कापायचं, आणि मी म्हातारी मागे सरायचं?" ती जराशी हसली. "दुसरं कोणीच नव्हतं म्हणून दिली गं मी. असतं कोणी, तर माझ्यात हिंमत नव्हती. लोक साड्या देतात, माता म्हणतात, मला आतल्या आत कसंसंच होतं."

मीनाक्षी ऐकत होती. हात व्रणावर फिरत होता, आत ओढलेल्या जागेपाशी येऊन पुन्हा मागे जात होता. हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाईला तिने मनातल्या मनात सिंहासनावर बसवून तिचा मत्सर केला होता, ती तिथे नाइलाजाने बसली होती. तिला कोणीतरी उठवायला हवं होतं आणि कोणी उठवलं नव्हतं. उठवू शकणारं माणूस तोंडाला फडकं बांधून कोपऱ्यात उभं होतं.

"पण देवाची कृपाच म्हणायची," आत्या म्हणाली. "नाहीतर हे एवढं सगळं तुझ्या अंगावर आलं असतं. बरं झालं बाई, तुझी जुळली नाही."

आता गप्प बसणं सोपं होतं. हूं म्हणायचं, वाटी उचलायची, न्हाणीघरात जाऊन डोक्यावर पाणी ओतायचं. दादांना दिलेला शब्द दादांबरोबरच गेला असं म्हणता येत नव्हतं. उलट तो आता कोणाला परत करायची सोय उरली नव्हती. आणि बोलली तर या म्हातारीला ते आयुष्यभर पुरेल. आपल्या पाठीवरची सुरी टळण्यासारखी होती, आपल्याला भीती वाटत असताना टळण्यासारखी होती, हे तिला कळेल. भावाने खोटं सांगून आपल्याकडून मागून घेतली, हे कळेल. मीनाक्षीला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. आपल्याला हिला दुखवायचंय की नाही, एवढंच काही केल्या तिला ठरवता येईना. दोन्ही होतं. तिने हात उचलला नाही. तसाच, तेलाने माखलेला, त्या व्रणावर ठेवला.

"जुळली होती," ती म्हणाली.

आत्याने मान वळवायचा प्रयत्न केला. मीनाक्षीचा हात पाठीवर होता, तिला नीट वळता आलं नाही.

"काय?"

"माझी जुळली होती, आत्या. डॉक्टर माझीच घ्या म्हणाले होते. मी हो म्हटलं होतं. दादांनी नाही घेतली. तुझ्याकडे मागता येतं म्हणाले, माझ्याकडे नाही. तुला सांगायचं नाही म्हणाले, म्हणून नाही सांगितलं. तुझ्यावर रागवायला मला काही कारण नव्हतं, तरी मी रोज रागावले. तू आलीस की रागावले, ते तुझं नाव घ्यायचे की रागावले." तिचा आवाज चढला नव्हता. पलीकडच्या खोलीत अविनाश उठून बसल्याचा आवाज झाला, तरी ती थांबली नाही. "तुझं शेवटपर्यंत चाललं म्हणाले ना डॉक्टर, तेव्हासुद्धा. तू भ्यालीस, मी नव्हते गं भ्याले. मला द्यायची होती. मला."